पाण्यातला धडाका : ओळख, धोका आणि खबरदारी



या पानावर पीक, पाणी, जनावरे आणि घरचे आरोग्य यांविषयी लिहिले जाते. आज आम्ही घेतलेला विषय या चारही गोष्टींना शिवतो, तरी त्याविषयी उघड बोलणे फारसे होत नाही. विषय आहे पाण्यात आणि पाण्याजवळ वापरल्या जाणाऱ्या स्फोटक वस्तूंचा. विहिरीतला सुरुंग, नदीच्या डोहात मासे मारण्यासाठी टाकलेली कांडी, रानडुकरासाठी ठेवलेला गावठी गोळा आणि घरातल्या फळीवर राहून गेलेली चकचकीत नळी ही सारी एकाच कुळातली आहेत.

बऱ्हाणपूरच्या आसपासची वरची माती काळी आणि सुपीक, पण तिच्याखाली काळा पाषाण. शहापूर, इच्छापूर, खकनार, धूळकोट, कुठेही जा, केळीला पाणी हवे तर हा दगड फोडावा लागतो. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. घरच्या नळाला पाणी आले ही आनंदाची गोष्ट. पण केळीची बाग नळावर जगत नाही, तिला विहीर किंवा बोअर लागते. शनवाऱ्याच्या बाजारात पाइप, मोटर, दोर घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यात हाच विषय असतो : अजून चार हात खाली गेलो तर झरा लागेल का?

याच भूमीवर १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडाऱ्याची रचना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या भुयारातून, शंभरावर कुंड्यांच्या मार्गाने, कोणत्याही यंत्राशिवाय उताराने शहराकडे आणले गेले. ते काम छिन्नी, पहार आणि मोजमापावर झाले. आज आपल्याला तेवढा वेळ नाही, म्हणून सुरुंग आला. सुरुंग ही वाईट वस्तू नव्हे. जाणत्या हातात तो दोन महिन्यांचे काम दोन दिवसांत करतो. प्रश्न आहे तो अजाण हाताचा, आणि काम संपल्यावर उरलेल्या कांडीचा.

उरलेली कांडी कुठे जाते?

विहिरीचे काम संपते, यारी उतरवली जाते, कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर दुसऱ्या शिवारात जातो. पण कधी दोन कांड्या, कधी चार टोप्या मागे राहतात. कोणी म्हणतो, “असू द्या दादा, उपयोगी पडतील.” मग त्या चार वाटांनी फिरतात. पहिली वाट घराच्या माळ्यावर जाते, दुसरी नदीच्या डोहावर, तिसरी रानडुकराच्या वाटेवर आणि चौथी लहान मुलाच्या हातात. चौथी वाट बहुधा पहिल्या तिन्हींतूनच निघते.

साठवण किती घातक ठरू शकते हे आपल्या राज्याने पाहिले आहे. १२ सप्टेंबर २०१५ रोजी झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद येथे भर वस्तीतल्या एका इमारतीत साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्या आणि डेटोनेटर यांचा स्फोट झाला. शेजारच्या उपाहारगृहात सकाळी नाश्त्याला आलेली माणसे, रस्त्यावरची माणसे, असे पंच्याहत्तरहून अधिक लोक दगावले. विहिरी आणि खाणी यांच्या कामाला लागणारा तो माल होता, लढाईचा नव्हे. जो माल रानात दगड फोडतो तोच बाजारात माणसे फोडतो.

वस्तू ओळखा

न ओळखल्यामुळे हात लावला जातो, म्हणून आधी ओळख सांगतो. ही ओळख दूर राहण्यासाठी आहे, हाताळण्यासाठी नव्हे.

१) कांडी. बोलीत हिला अजून जिलेटिन म्हणतात. साधारण एक इंच जाडीची, कागदात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, दोन्ही टोके बंद केलेली, दाबली तर मऊ लागणारी अशी ही वस्तू असते. जुन्या जिलेटिनमध्ये नायट्रोग्लिसरीन असे. त्या जातीचा माल आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून बंद झाला. आताच्या कांड्या वेगळ्या मिश्रणाच्या, तुलनेने कमी नाजूक असतात. पण पडक्या कोठीत किंवा जुन्या खाणीत एखादी जुनी कांडी सापडली आणि तिच्यावर तेलकट घाम सुटलेला दिसला, तर ती सर्वांत भयंकर समजावी. तिला धक्कादेखील सहन होत नाही.

२) टोपी, म्हणजे डेटोनेटर. कोणी केपही म्हणतात. पेन्सिलीपेक्षा जरा बारीक, बोटभर लांबीची, चांदीसारखी चमकणारी धातूची नळी. एक टोक बंद असते. दुसऱ्या टोकातून दोन रंगीत तारा निघतात, किंवा रंगीत प्लॅस्टिकची बारीक नळी निघते, किंवा वात घालण्यासाठी ते टोक उघडे असते. आकाराने लहान म्हणून हिला कोणी जुमानत नाही, आणि सर्वांत जास्त बोटे हिनेच नेली आहेत. कांडी स्वतःहून सहज उडत नाही, टोपी मात्र ठोकल्याने, चावल्याने, तापल्याने, तार ओढल्याने किंवा साध्या सेलला तार लावल्याने उडते.

३) वात. दोरीसारखी, आत दारू भरलेली. ती ओली झाली की विझली असे समजू नये. आतून सरकत जाणारी आग काही वेळ थांबल्यासारखी वाटते आणि मग पुढे जाते.

४) गावठी गोळा. कणीक, चरबी किंवा फळ यांच्या आत दारू आणि खडे भरून केलेला गोळा. तो चावला की उडतो. खाण्याचा वास येतो म्हणून कुत्रा, गाय, म्हैस कोणीही तोंड घालते. २०२० च्या मे महिन्यात केरळमधील पालक्काड जिल्ह्यात अशाच स्फोटक भरलेल्या फळाने जबडा फुटलेली एक गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभी राहून मेली, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच असेल. हत्तिणीच्या जबड्याचे जे झाले ते आपल्या म्हशीच्या जबड्याचे होण्यास वेळ लागत नाही.

५) पाणबुड्यांची धडाक्याची काठी. ही आपल्याकडे सहसा दिसत नाही, पण समुद्रावर किंवा परदेशी नोकरीला गेलेल्या मुलांकडून हिचे नाव कानी येते. इंग्रजीत तिला बँग स्टिक किंवा पॉवरहेड म्हणतात. लांब काठी किंवा भाला, आणि टोकाला पोलादाची जाड, आखूड नळी. त्या नळीत बंदुकीचे काडतूस असते. काठी शार्कच्या किंवा सुसरीच्या अंगाला जोरात टेकली की काडतूस उडते. ती दुरून मारण्याची वस्तू नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात परवाना घेऊन मगरीच्या जातीचे अ‍ॅलिगेटर मारणारे शिकारी ती वापरतात. टोकाजवळ एक अडसराची खीळ असते. ती काढलेली असली तर काठी भरलेल्या बंदुकीसारखी, आणि खीळ लावलेली असली तरीही भरलेल्या बंदुकीसारखीच समजावी, असा तिकडच्या जाणत्यांचा दंडक आहे. आपल्या देशात काडतूस उडवणारे साधन शस्त्रास्त्र कायद्याखाली येते, ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही. आम्ही तिचा उल्लेख केला तो एका धड्यासाठी : जी वस्तू मुद्दाम टेकल्यावर उडते, ती चुकून टेकली तरी उडते.

पाण्यात धडाका वेगळा का?

पुष्कळांचा असा समज आहे की पाणी स्फोटाला मऊ करते. पाण्याखाली आवाज दबका येतो, वर फक्त एक फुगा उठतो, म्हणून धोकाही कमी असणार. वस्तुस्थिती अगदी उलटी आहे.

हवा दाबली जाते. स्फोटाचा पुष्कळसा जोर ती दाबण्यातच खर्च होतो आणि दूर जाता जाता विरतो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे धक्का पाण्यातून न विरता पुढे जातो, आणि फार वेगाने जातो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १५०० मीटर, म्हणजे चौपटीहून जास्त. काठावर उभ्या माणसाला नुसता हादरा बसतो. तेवढ्याच अंतरावर पाण्यात असलेल्या माणसाला जीवघेणी इजा होऊ शकते.

आपल्या अंगातही बहुतेक पाणीच आहे. म्हणून धक्का कातडीवर थांबत नाही, मांसातून आरपार जातो. जिथे हवा भरलेली आहे तिथे मात्र तो फाडतो. अशा तीन जागा आहेत : कान, फुप्फुसे आणि आतडी. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी पाण्यात तरंगत असताना जवळ पाणसुरुंग फुटले, तेव्हा डॉक्टरांना हे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले. अंगावर ओरखडा नाही, आणि पोटात आतडे फुटलेले. कित्येकांना सुरुवातीला नुसता पोटात गुद्दा बसल्यासारखे वाटले आणि पुढे काही तासांत त्यांची प्रकृती ढासळली.

माशाच्या बाबतीत हेच घडते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या बळावर तो पाण्यात वरखाली होतो. धक्क्याने ती पिशवी फुटते. मग काही मासे पालथे होऊन वर येतात, पण पुष्कळसे तळाला बसतात. वर आलेले पाहून माणूस खूश होतो. तळाला बसलेले सडतात, ते कोणाच्याच टोपलीत जात नाहीत.

नदीचा डोह आणि दोनशे रुपये

तापी मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. आपल्या गावावरून ती हतनूरच्या धरणाकडे, तिथून पुढे उकाईकडे जाते. उन्हाळ्यात तिचे पात्र आटते आणि ठिकठिकाणी डोह उरतात. पुढच्या पावसाळ्याचे बियाणे या डोहांतच असते. शेतकऱ्याला हे वेगळे समजवायला नको. कोठीतले बी खाऊन टाकणाऱ्याला आपण काय म्हणतो? डोहात कांडी टाकणारा तेच करतो. मोठ्या माशाबरोबर अंडी, बोटभर पिल्ले, खेकडे आणि माशांचे खाद्य असलेले बारीक जीवही मरतात. महासीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, २०११ साली त्याला हा मान मिळाला. त्याला असे खोल, वाहते, स्वच्छ डोह लागतात, आणि आज तो दुर्मीळ झाला आहे. त्याची कारणे अनेक आहेत, धरणे आहेत, वाळूउपसा आहे, पण डोहातली कांडी हे त्यांतले आपल्या हातातले कारण आहे.

आता टाकणाऱ्याच्या जिवाविषयी. आखूड वात पेटवून हातातून फेकायची, ही यातली रीत. वात किती वेगाने जळेल हे हाताला कळत नाही. ती मुद्दाम आखूड ठेवली जाते, आणि तिथेच हात जातो. दुसरा धोका त्यानंतरचा. पहिली कांडी उडाली, मुले मासे गोळा करायला डोहात उतरली, आणि न उडालेली दुसरी कांडी पाण्याखालीच होती. तिसरा धोका बुडण्याचा. तळाला बसलेले मासे काढण्यासाठी पुनःपुन्हा बुडी मारणारा दमतो, आणि दमलेल्याला डोह सोडत नाही.

म्हणून, नदीवर कोणी असा उद्योग करताना दिसला तर आधी पाण्यातली सर्व माणसे आणि जनावरे बाहेर काढावीत. पलीकडच्या काठावर म्हैस डुंबत असेल तर तिलाही धक्का पोचतो. न उडालेल्या कांडीच्या मागे पाण्यात कोणीही उतरू नये.

बाजारात असा मासा ओळखता येतो का? पुष्कळदा येतो. जाळ्यातल्या माशाच्या अंगावर दोऱ्याच्या खुणा असतात, गळाच्या माशाच्या तोंडाला जखम असते. धडाक्याने मेलेला मासा बाहेरून नितळ दिसतो, पण चिरल्यावर पोटात रक्त साकळलेले असते, हवेची पिशवी फाटलेली असते, कधी पाठीचा काटा किंवा फासळ्या मोडलेल्या असतात, आणि मांस लवकर मऊ पडते. तो लवकर नासतो. याहून वाईट म्हणजे कीटकनाशक टाकून मारलेला मासा. एका डोहातले सर्व जातींचे, सर्व आकारांचे मासे एकाच वेळी मेलेले दिसले, तर फुकट मिळाले तरी खाऊ नयेत आणि जनावरांना ते पाणी पाजू नये.

कायदा काय म्हणतो? १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याच्या ४थ्या कलमाने पाण्यात स्फोटक वापरून मासे मारणे गुन्हा ठरवले. मूळ शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. दोनशे रुपये ऐकून आज कोणी हसेल. पण १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली संशयास्पद रीतीने स्फोटक जवळ बाळगणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हाताचा पंजा गेला तर त्याची किंमत कोणत्या कलमात लिहिली आहे? शिवाय मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ माशांच्या विणीसाठी बंद ठेवलेला असतो. तेवढे दोन महिने जाळेही थांबावे, मग कांडीचे तर नावच नको.

विहिरीत सुरुंग लावायचा असेल तर

विहीर खोदणारे ठेकेदार बहुधा अनुभवी असतात. पण जमीन आपली, बांधावर खेळणारी मुले आपली, म्हणून मालकाने पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) सुरुंग लावणाऱ्याजवळ स्फोटकांचा परवाना आणि सुरुंग उडवण्याचे प्रमाणपत्र आहे का, ते आधी मागून पाहावे. मागायला संकोच करू नये. खरा जाणकार आनंदाने दाखवतो.

२) माल त्याच दिवशी लागेल तेवढाच आणवावा. कांड्या आणि टोप्या वेगवेगळ्या पेटीत असाव्यात, एकमेकींपासून लांब. दोन्ही आपल्या घरात, गोठ्यात किंवा मोटरीच्या खोलीत ठेवू देऊ नयेत, एका रात्रीसाठीही नाही.

३) आणल्या किती, लावल्या किती, परत नेल्या किती, हा हिशेब मालकाने वहीत लिहावा. केळीचे घड मोजतो तसे मोजावे. हिशेब जुळला नाही तर कामाचे शेवटचे पैसे थांबवावेत.

४) आभाळ गडगडत असेल, वीज चमकत असेल तर काम बंद. तारेच्या टोपीजवळ मोबाइल, वायरलेस किंवा विजेची उघडी तार आणू नये. बिडी-काडीचे तर बोलायलाच नको.

५) आधी शेजारच्या शेतांत निरोप द्यावा, वाटेवर दोन्ही बाजूंना माणूस उभा करावा, जनावरे दूर न्यावीत. दगड आपण समजतो त्यापेक्षा फार लांब उडतो. शेजारच्या जुन्या विहिरीत पोहणारी मुले असतील तर त्यांना बाहेर काढावे.

६) भोके किती भरली आणि आवाज किती झाले ते दोन माणसांनी वेगवेगळे मोजावे. एक आवाज कमी आला, तर एक सुरुंग जिवंत आहे असे धरावे. किमान अर्धा तास कोणीही विहिरीकडे जाऊ नये, आणि नंतरही फक्त सुरुंग लावणाऱ्यानेच जावे. न उडालेले भोक उकरू नये, तार ओढू नये. जुन्या भोकाच्या उरलेल्या तळात पुन्हा कधीही गिरमिट घालू नये. कांडीचा तुकडा आत असू शकतो, आणि गिरमिटाच्या एका ठोक्याला तो पुरतो.

७) मलबा वर आला की तो पसरून पाहावा. दगडात अडकलेली टोपी ट्रॉलीतून थेट घरच्या ओट्याच्या भरावात गेली, तर ती तिथे वर्षानुवर्षे वाट पाहत बसते.

८) ज्या भागात कुंडी भंडाऱ्यासारखी जुनी भुयारे किंवा जुन्या बांधीव विहिरी आहेत तिथे सुरुंगाचा विचारही करू नये. चारशे वर्षांचे बांधकाम एका हादऱ्याने तडकले तर ते पुन्हा होणार नाही, आणि पाण्याची वाट बदलली तर सगळ्यांचेच नुकसान.

धूर आणि वायू : न दिसणारा शत्रू

सुरुंगानंतर विहिरीत धूर कोंडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस गुंगी येऊन खाली बसतो. त्यातच नायट्रोजनचे तांबूस-पिवळे वायू असतात. ते फुप्फुसात गेले तर लगेच थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, आणि काही तासांनी, कित्येकदा रात्री, छातीत पाणी भरून दम लागतो. म्हणून धुरात सापडलेल्या माणसाला “आता बरा आहे” म्हणून घरी झोपवू नये, त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे.

कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. कंदील विझला तर आत प्राणवायू नाही हे नक्की, मग कोणी उतरू नये. पण कंदील जळत राहिला म्हणजे विहीर निर्धोक आहे असे नाही. कार्बन मोनॉक्साइड कंदील विझवत नाही. तेव्हा धूर पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावे, पंख्याने किंवा कॉम्प्रेसरच्या नळीने ताजी हवा तळापर्यंत सोडावी, आणि उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधून वर दोन माणसे ठेवावीत. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवले तरी हाच विषारी वायू साठतो.

खाली माणूस पडलेला दिसला की दुसरा धावत उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एका घरातले दोन-तीन जण असेच जातात. माया खरी, पण त्या मायेला दोर बांधा. वरूनच हवा सोडा, हाका मारा, १०८ आणि ११२ ला फोन करा.

सुरुंगानंतरचे पहिले पाणी पिऊ नये. त्यात स्फोटकाचे क्षार उतरलेले असतात. विहीर दोन-तीनदा पूर्ण उपसून मग पाणी तपासून घ्यावे. घरात तान्हे मूल असेल तर ही काळजी अधिक, कारण नायट्रेटचा त्रास तान्ह्यांना लवकर होतो.

दुखापत झाल्यास

पंजा किंवा बोटे फुटली तर : स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरावे, हात उंच ठेवावा, दाब सोडू नये. चुना, हळद, राख, डिझेल काहीही लावू नये. तुटलेले बोट सापडले तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. जखमी माणूस आणि बोट दोन्ही लगेच दवाखान्यात न्यावीत, धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

डोळ्यात कण गेले तर : चोळू नये, रुतलेला कण काढू नये. डोळ्यावर दाब न येता वाटीसारखे काही झाकून न्यावे.

कानात दडा बसला, शिटी वाजू लागली किंवा रक्त आले तर : तेल, लसणाचा रस, औषधाचे थेंब काहीही घालू नये. कान कोरडा ठेवून डॉक्टरांना दाखवावा.

पाण्यात असताना धक्का बसला तर : अंगावर जखम नसली तरी दवाखाना. पोटदुखी, उलटी, शौचातून रक्त, खोकल्यातून रक्त, धाप, यांतले काहीही गंभीर समजावे. तोंडाने अन्नपाणी, चहा देऊ नये, कारण पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागू शकते. डॉक्टरांना खरी हकीकत सांगावी. पोलिसांच्या भीतीने “दगडावर पडला” असे सांगितले जाते, मग डॉक्टर वेगळेच शोधत बसतात आणि मोलाचे तास जातात. जीव वाचला तर पुढचे सारे निस्तरता येते.

सापडली तर काय करावे?

हात लावू नये, उचलू नये, पाण्याच्या बादलीत टाकू नये, पुरू नये, चुलीत टाकू नये. विहिरीत किंवा नदीत फेकून दिली म्हणजे ती निकामी झाली, असे मुळीच नाही. आताच्या पुष्कळशा कांड्या पाण्याला दाद देत नाहीत. त्या जागेवर खूण करावी, मुलांना आणि जनावरांना दूर ठेवावे, एक माणूस लांबून राखणीला बसवावा आणि ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे. स्वतः होऊन कळवणारा आणि दडवून ठेवणारा यांत फरक केला जातो.

घरात जुना साठा असेल, वडिलांच्या काळातला असेल, तरी हेच करावे. पोत्यात बांधून मोटारसायकलवर ठाण्यात घेऊन जाऊ नये. ज्याला त्याचे काम येते त्याला घरी येऊ द्यावे.

रानडुकरांचा त्रास आम्ही नाकारत नाही. एका रात्रीत मका आणि केळीची रोपे आडवी होतात, आणि सकाळी ते पाहणाऱ्याच्या पोटात काय कालवते ते शेतकऱ्यालाच ठाऊक. पण गोळा ठेवणारा स्वतः विसरतो की त्याने तो कुठे ठेवला, आणि पहाटे गवत कापायला जाणारी बाई त्याच वाटेने जाते. नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा, भरपाईचा अर्ज करावा, चार शेतकऱ्यांनी मिळून राखण आणि कुंपण करावे. वेळ लागतो, पण त्यात कोणाचा जबडा जात नाही.

मुलांना आजच सांगा

मुलांना चमकणारी नळी आणि रंगीत तारा आवडतात. तांब्याच्या तारेसाठी ती टोपी सोलतात, आणि सेलला लावून दिवा पेटतो का ते पाहतात. शाळेत शिकलेला साधा प्रयोग ते करत असतात, त्यांचा दोष नसतो. म्हणून आज जेवताना घरातल्या मुलांना तीन वाक्ये सांगावीत : शेतात, नदीवर, दगडाच्या ढिगात चमकणारी नळी दिसली तर तिला हात लावू नकोस. मित्राने हात लावला असेल तर त्याच्याजवळ थांबू नकोस. धावत येऊन मोठ्या माणसाला सांग, कोणी रागावणार नाही.

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. मार खाण्याच्या भीतीने मूल ती वस्तू खिशात लपवते. आणि मोठ्यांनीही आपल्या माळ्यावर, कोनाड्यात, मोटरीच्या खोलीत एकदा नजर टाकावी. विहिरीला पाणी लागले, आता तिथे कांडीचे काय काम?